सहा महिन्यांचं एकत्र कुटुंब : ए-लेव्हल समाजशास्त्रातल्या एका उत्तराचं प्रकरण

जूनमध्ये २० पैकी ९, सप्टेंबरात ८, ऑक्टोबरच्या शेवटी १६. तिन्ही वेळा प्रश्न एकच होता आणि उत्तर लिहिणारी मुलगीही तीच. मधल्या काळात तिने क्रमिक पुस्तक पुन्हा पाठ केलं असंही झालं नाही, ते तिला जूनमध्येच पाठ होतं. तरी गुण जवळजवळ दुप्पट झाले. ते कसे झाले हे मला नीट लिहून ठेवायचंय, कारण इंग्लंडमधल्या मराठी घरांतली मुलं समाजशास्त्र घेतात तेव्हा बरोबर याच जागी अडकतात, आणि बहुतेक जण अडकून बी ग्रेडवर थांबतात.

मी पुण्यात समाजशास्त्रात एम. ए. केलं. पुढे पश्चिम लंडनमधल्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात काही वर्षं शिकवलं. आता शनिवार-रविवारी घरोघरी जाऊन ए-लेव्हलच्या मुलांना शिकवते. ही मुलगी लंडनमधल्या हॅरोची. नाव देत नाही, घरातले काही तपशीलही बदललेत. ती मला मावशी म्हणते, तिचे आईवडील ताई म्हणतात.

इथल्या परीक्षेची रचना माहीत नसेल तर पुढचं कळायला अवघड जाईल, म्हणून तेवढं सांगते. सोळाव्या वर्षी जीसीएसई, म्हणजे आपल्या दहावीसारखी परीक्षा, संपली की पुढची दोन वर्षं, म्हणजे इथली बारावी आणि तेरावी, त्यांना सिक्स्थ फॉर्म म्हणतात, आणि त्यांच्या शेवटी ए-लेव्हलची परीक्षा असते. विषय बहुधा तीनच घ्यायचे. एक्यूए बोर्डाच्या समाजशास्त्राला तीन पेपर, प्रत्येकी दोन तासांचा, ८० गुणांचा. पहिला शिक्षणव्यवस्थेवर, तिसरा गुन्हेगारीवर, आणि या दोन्हींत सिद्धांत आणि संशोधनपद्धती मिसळलेल्या. दुसऱ्या पेपरात दोन विषय निवडायचे, त्यांतला एक बऱ्याच कॉलेजांत कुटुंब हा असतो. प्रोजेक्ट नाही, तोंडी नाही, अंतर्गत गुण नाहीत. दोन वर्षांचा अभ्यास सहा तासांत उतरवायचा. १२० मिनिटांत ८० गुण म्हणजे एका गुणाला दीड मिनिट, आणि २० गुणांच्या उत्तराला अर्धा तास.

या २० गुणांच्या प्रश्नाआधी चौकटीत एक छोटा उतारा असतो. मुलं त्याला 'आयटम' म्हणतात. मग प्रश्न येतो : या उताऱ्याचा आणि तुमच्या माहितीचा उपयोग करून अमुक मताचं मूल्यमापन करा. गुण तीन गोष्टींना मिळतात. माहिती किती आणि अचूक आहे, ती विचारलेल्या प्रश्नाला लावली आहे का, आणि ते मत तुम्ही पारखून पाहिलंत का. आपली मुलं पहिल्या गोष्टीत पक्की असतात. घरात तसंच वळण असतं. पुस्तकात छापलंय ते खरं, बाईंनी सांगितलंय ते लिहायचं. आपल्याकडे बारावीला असं लिहून चांगले गुण मिळवलेले आईवडील अगदी मनापासून तोच सल्ला देतात.

मी तिला घातलेला प्रश्न असा होता : औद्योगिक समाजाच्या गरजांमुळे विस्तारित कुटुंबाची जागा विभक्त कुटुंबाने घेतली, या मताचं मूल्यमापन करा.

जूनमधलं उत्तर माझ्याकडे अजून आहे. चार पानं, अक्षर सुंदर, प्रत्येक संशोधकाच्या नावाखाली रेघ. सुरुवात अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅल्कॉट पार्सन्सपासून. कारखानदारीला कामगार हवे तिथे जाणारे लागतात, म्हणून आईवडील आणि मुलं एवढंच सुटसुटीत कुटुंब नव्या समाजाला 'बसतं', हे पार्सन्सचं म्हणणं तिने नेमकं लिहिलं होतं. मग पीटर लॅस्लेट : १५६४ ते १८२१ या काळातल्या इंग्लंडच्या नोंदी पाहता जेमतेम १० टक्के घरांत आईबाप-मुलांपलीकडचे नातेवाईक राहत होते. मग मायकेल अँडरसन : १८५१ च्या जनगणनेत, ऐन कापडगिरण्यांच्या भरात, प्रेस्टन शहरात हेच प्रमाण २३ टक्के. मग यंग आणि विल्मॉट, १९५७, पूर्व लंडनमधलं बेथनल ग्रीन, आई आणि लग्न झालेली मुलगी यांचं घट्ट नातं. शेवटी दोन ओळी आशियाई कुटुंबांवर. सगळं बरोबर. एकही तारीख चुकलेली नाही.

आणि गुण ९. त्याखाली मी लिहिलं होतं, 'यादी झाली आहे.'

ती रडवेली झाली. "मावशी, चूक काय आहे ते दाखव ना." चूक दाखवण्यासारखी एकही ओळ नव्हती, हीच अडचण होती. मी तिला लॅस्लेट आणि अँडरसन यांची वाक्यं एकाखाली एक ठेवून वाचायला लावली. कारखाने येण्याआधी १० टक्के. कारखाने आल्यावर २३ टक्के. पार्सन्सच्या हिशेबाने हा आकडा कुठे जायला हवा होता? खाली. गेला कुठे? वर. तिने दोन्ही आकडे लिहिले होते, पण मध्ये 'आणि' लिहिलं होतं. तिथे 'म्हणजे' हवं होतं. गिरणीत आईबाप दोघं कामाला, पगार तुटपुंजा, आजारपण आणि मृत्यू पाचवीला पुजलेले. अशा वेळी घरात आजी किंवा मावशी असणं कामगारांना परवडत होतं, किंबहुना तिच्यावाचून भागत नव्हतं. म्हणजे उद्योगधंद्याने कुटुंब लहान केलं या विधानाचा पायाच त्या दोन आकड्यांनी हलतो. हे तिला दोन मिनिटांत कळलं. पण कळणं आणि अर्ध्या तासाच्या घाईत हाताने तसं लिहिलं जाणं यांत बरंच अंतर असतं.

त्याच सुमाराला घरात दुसरा प्रश्न चालू होता. तिच्या वडिलांना वाटत होतं की समाजशास्त्र सोडून तिने गणित घ्यावं, वर्ष वाया गेलं तरी चालेल. ते आयटीत आहेत, २००६ मध्ये कंपनीतर्फे आले. "ताई, मला विषयाचा अनादर नाही करायचा. पण हे घेऊन पुढे दरवाजे किती उघडतात ते सांगा." त्यांच्या काळजीत तथ्य होतं. रसेल ग्रुप या ब्रिटनमधल्या नामांकित विद्यापीठांच्या गटाने शालेय विषयांची जी 'वाट सोपी करणारी' यादी अनेक वर्षं चालवली, तिच्यात समाजशास्त्र नव्हतं. ती यादी २०१९ मध्ये बंद झाली, पण पालकांच्या मनातून अजून गेलेली नाही. इंग्लंडमध्ये सर्वाधिक मुलं घेतात अशा पहिल्या दहा ए-लेव्हल विषयांत समाजशास्त्र आहे, आणि घेणाऱ्यांत मुलींचं प्रमाण तीन चतुर्थांशांच्या वर. मी त्यांना एवढंच म्हटलं की कायदा, पत्रकारिता, समाजकार्य, आरोग्यसेवा, सरकारी धोरण, कशातही हा विषय आड येणार नाही, कमी ग्रेड मात्र येईल. ते थोडे सैलावले. ऑक्टोबरपर्यंत बघू, असं ठरलं. तेरावीच्या शरद ऋतूत कॉलेजं प्रत्येक विषयाची अपेक्षित ग्रेड विद्यापीठांकडे पाठवतात, त्यामुळे मुदत खरीच होती.

सप्टेंबरात तिने तोच प्रश्न दुसऱ्यांदा लिहिला आणि ८ गुण मिळवले. हे उत्तर मला पहिल्यापेक्षा जास्त आवडलं, तरीही आठच दिले.

झालं असं की सुट्टीत तिने पुस्तकातला आशियाई कुटुंबांवरचा परिच्छेद नीट वाचला. रॉजर बॅलार्ड यांच्या अभ्यासावर तो बेतलेला असतो. १९५० आणि ६० च्या दशकांत दक्षिण आशियातून आलेल्यांना विस्तारित कुटुंबाचा मोठा आधार होता, सुरुवातीला तीन पिढ्या एका घरात राहत, पुढे घरं वेगळी झाली तरी नातेवाईक जवळपास राहिले आणि येणंजाणं चालू राहिलं, असा त्याचा आशय. ती वाचून चिडली. "हे आमच्याबद्दल नाहीच आहे. आमचे कोणीच जवळपास राहत नाहीत. बाबा एकटे आले, मग आई आली. हॅरोत आमचं कोण आहे?" आणि तिने तसंच लिहिलं. लेखक चुकीचे आहेत, माझ्या घरी असं नाही, माझी आजी एरवी सांगलीला राहते, ती तिकडे असली की आम्ही तिला रोज फोन करतो, तिची फार आठवण येते. दीड पान.

सोळा-सतरा वर्षांची मुलगी पहिल्यांदा छापील वाक्याशी भांडली होती. शिक्षक म्हणून मला त्या क्षणाचं मोल फार वाटतं. त्याआधी जे काही होतं ते पाठांतर होतं. पण परीक्षक हे वाचून काय म्हणेल तेही मला माहीत होतं. एक घर म्हणजे पुरावा नाही. बॅलार्ड पंजाबमधून आणि आसपासच्या भागांतून आलेल्या, मुख्यतः मजुरीसाठी आलेल्या पिढीबद्दल लिहीत होते. पुण्या-मुंबईहून संगणकाच्या कामासाठी, कंपनीच्या व्हिसावर, नवराबायको म्हणून आलेल्यांबद्दल ते बोललेच नव्हते. म्हणून 'माझ्याकडे असं नाही' हे त्यांचं खंडन होत नाही.

पण त्यातून एक खणखणीत प्रश्न मात्र निघतो : मग 'आशियाई कुटुंब' या एका शब्दात पुस्तकाने कोणाकोणाला कोंबलंय? कोणत्या दशकातले, कोणत्या वर्गातले, कशासाठी आलेले? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार तिला तिच्या घराने दिला होता, आणि तो समाजशास्त्राच्या भाषेत विचारायची साधनं संशोधनपद्धतींच्या तासाला तिला आधीच मिळाली होती. नमुना कोणाचा, केव्हाचा, प्रातिनिधिक आहे का. ती साधनं तिने पहिल्या पेपरच्या कप्प्यात ठेवली होती. दुसऱ्या पेपरात ती वापरायची असतात हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं, ही माझी चूक.

आता स्वयंपाकघरातला तो रविवार. ऑक्टोबरचा पहिला आठवडा असावा.

तिची आजी मे महिन्यातच आली होती, सहा महिन्यांसाठी. व्हिजिटर व्हिसावर एका वेळी तेवढंच राहता येतं. भिंतीवर सांगलीहून आणलेलं कालनिर्णय होतं आणि नोव्हेंबरच्या पानावर परतीच्या तारखेभोवती लाल पेनाने गोल केलेला. ओट्याच्या कोपऱ्यात बिस्किटांचा जुना चौकोनी डबा. त्यात रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांच्या पट्ट्या रबर लावून महिन्यावारी बांधलेल्या. सहा गठ्ठ्यांतला एकच उरला होता. आजी घेवडा मोडत बसल्या होत्या, आणि आम्ही दोघी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला विभक्त कुटुंब म्हणजे काय यावर बोलत होतो. मी मराठीत समजावत होते, कारण आजी असल्या की ती मुलगी मराठी बोलते.

आजी मध्येच म्हणाल्या, "बिऱ्हाड वेगळं थाटलं म्हणजे घर मोडलं होय गं?"

मुलीने विचारलं, "बिऱ्हाड म्हणजे काय?"

आजींनी सांगायला सुरुवात केली. गावभागातला वाडा, त्यात सहा बिऱ्हाडं, मधल्या चौकात एक नळ. त्यांतली दोन बिऱ्हाडं त्यांच्याच घरची, थोरल्या दिरांचं आणि यांचं. पुढे धाकटे दीर नोकरीसाठी कोल्हापूरला गेले, त्यांनी तिकडे बिऱ्हाड केलं. चुली तीन झाल्या. पण गौरी-गणपती एकाच ठिकाणी, शेताचं येणं तिघांत, पुतणीच्या लग्नाचा खर्च तिघांनी उचलला, आणि कोल्हापूरच्या दिरांना विचारल्याशिवाय वाड्याची कौलंसुद्धा बदलली नाहीत. "मग आम्ही वेगळे होतो की एकत्र? तूच सांग."

मी पेन खाली ठेवलं. पुण्यात एम. ए.च्या वर्गात हेच आम्हाला आय. पी. देसाईंच्या नावावर शिकवलं होतं. देसाईंनी सौराष्ट्रातल्या महुवा गावात कुटुंबांचा अभ्यास केला, पुस्तक १९६४ चं. त्यांचं म्हणणं होतं की एकत्रपणा छपरावरून मोजू नका. वेगळ्या घरांत राहणारी माणसं मालमत्तेने, पैशाच्या देवाणघेवाणीने, परस्परांवरच्या कर्तव्याने बांधलेली असतील तर ती एकत्र कुटुंबच आहेत. ए. एम. शहांनी १९७३ मध्ये हाच धागा पुढे नेला : एका छताखाली राहणारा गट ही एक गोष्ट आणि कुटुंब ही दुसरी, दोन्हींची गल्लत केली की एकत्र कुटुंब मोडत चालल्याची हाकाटी सुरू होते. त्यांच्याही आधी, १९५३ मध्ये, इरावती कर्व्यांनी एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली ती पुण्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असते : एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचं अन्न खाणारी, सामाईक मालमत्तेची, एकाच कुळाचाराची, एकमेकांशी नात्याने बांधलेली माणसं. आजींच्या घराने त्या व्याख्येतलं छप्पर आणि चूल सोडली होती. मालमत्ता, कुळाचार आणि नातं तसंच ठेवलं होतं.

इंग्रजीत या फरकासाठी दोन शब्द आहेत, 'हाउसहोल्ड' आणि 'फॅमिली', आणि पेपरच्या मथळ्यातच ते शेजारी शेजारी छापलेले असतात. मुलं दोन्ही एकच समजून वाचतात. मराठीत हा फरक बिऱ्हाड आणि घर या दोन शब्दांनी रोजच्या बोलण्यात इतका सहज होतो की आजींना त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. मुलीने वहीत देवनागरीत 'बिऱ्हाड' लिहिलं. ऱ्ह तिला जमेना, आजींनी काढून दाखवला.

इथे मी एक घाई केली. देसाई, शहा, कर्वे, तिघांची नावं आणि वर्षं तिला तिथेच लिहून दिली. पुढच्या शनिवारी तिने आणलेल्या मसुद्यात ती तिन्ही नावं यादीच्या शेवटी जोडलेली होती, लॅस्लेटनंतर अँडरसन, अँडरसननंतर देसाई. जूनचाच आजार. नवं नाव दिलं की ते माहितीच्या डब्यात जाऊन पडतं. मग मी सगळी पुस्तकं बाजूला ठेवायला सांगितली आणि एकच विचारलं : "आजी नोव्हेंबरमध्ये जाणार. का?"

"व्हिसा संपतो म्हणून."

"त्यांना राहायचंय?"

"हो. आम्हालाही हवी आहे."

"मग मे ते नोव्हेंबर तुमचं कुटुंब कोणत्या प्रकारचं? आणि नोव्हेंबर ते मे?"

ती बराच वेळ गप्प राहिली. नंतर तिने स्वतःच हिशेब मांडला. सहा महिने तीन पिढ्या एका घरात, म्हणजे विस्तारित. सहा महिने आईबाप आणि ती, म्हणजे विभक्त. मधल्या काळात कारखान्यांच्या, अर्थव्यवस्थेच्या किंवा बाबांच्या नोकरीच्या गरजा बदलत नाहीत. बदलतो तो पासपोर्टवरचा शिक्का. घरी तिने वडिलांना विचारलं तेव्हा कळलं की त्यांनी आजींना कायमचं आणण्याची चौकशी केली होती. जुलै २०१२ पासून तो नियम फार कडक झालाय. रोजच्या वैयक्तिक कामांसाठी दीर्घकाळ देखभाल लागते, आणि ती मायदेशात पैसे देऊनही मिळण्यासारखी नाही, हे सिद्ध करावं लागतं. घेवडा मोडणाऱ्या, गोळ्या वेळेवर घेणाऱ्या आजी त्यात बसत नाहीत. वडील हे कधी घरात बोलले नव्हते. त्या संध्याकाळी बापलेकीचं समाजशास्त्र सोडण्यावर बोलणं झालं नाही, व्हिसावर झालं. पुढेही विषय सोडण्याची गोष्ट कोणी काढली नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी तिने घड्याळ लावून तिसरं उत्तर लिहिलं. तीस मिनिटं, अडीच पानं. पहिल्या उत्तरापेक्षा दीड पान कमी. त्यातला मधला परिच्छेद मराठीत साधारण असा होतो :

'पार्सन्स आणि त्यांचे काही टीकाकारसुद्धा कुटुंब मोजताना घर मोजतात. लॅस्लेट आणि अँडरसन यांचे आकडे एका छताखाली कोण राहतं एवढंच सांगतात. देसाई (१९६४) यांनी भारतात दाखवलं की वेगळ्या घरांत राहणारे नातेवाईक मालमत्तेने आणि कर्तव्याने एकत्र असू शकतात. विल्मॉट (१९८८) यांचं ब्रिटनमधलं विखुरलेलं विस्तारित कुटुंब याच्या जवळ जातं. यावरून विभक्त घरांची संख्या वाढली म्हणजे विस्तारित कुटुंब संपलं, असा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय अलीकडे स्थलांतर केलेल्या कुटुंबांच्या बाबतीत विभक्त घर ही उद्योगाची गरज नसून सरकारी धोरणाचा परिणाम असू शकतो. २०१२ नंतरच्या व्हिसा नियमांमुळे वृद्ध पालक वर्षातला काही काळच सोबत राहू शकतात. उताऱ्यात म्हटलेली "समाजाची गरज" आणि राज्यसंस्थेचा निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.'

आजीचा उल्लेख कुठेच नाही. पण आजी प्रत्येक ओळीत आहे, हे मला आणि तिला ठाऊक होतं. घरातला अनुभव उत्तरात असाच यावा लागतो, प्रश्नाच्या रूपाने. त्या प्रश्नामागे नाव, वर्ष आणि संकल्पना उभी करावी लागते, आणि शेवटी उताऱ्यातल्या एका शब्दाला हात घालावा लागतो. तिने 'गरज' या शब्दालाच धरलं. देसाईंचं नाव इथल्या क्रमिक पुस्तकात नाही, म्हणून ती घाबरत होती. पण प्रश्नाला लागू पडणारं कोणतंही समाजशास्त्रीय साहित्य ग्राह्य धरतात. फक्त ते एका ओळीत कळेल असं मांडावं लागतं, आणि परीक्षकाच्या ओळखीच्या नावाशेजारी बसवलं तर अधिक चांगलं. विल्मॉटला शेजारी बसवण्याची सूचना माझी होती. बाकी सगळं तिचं.

कॉलेजमधल्या शिक्षकांनीही १६ दिले. वीस गुणांच्या उत्तरांचे पाच स्तर असतात, त्यांतल्या वरून दुसऱ्या स्तराचं हे वरचं टोक. अपेक्षित ग्रेड बी ऐवजी ए गेली.

आजी दिवाळीच्या आठ दिवस आधी गेल्या. तिकिटाची तारीख बदलली असती तर व्हिसाचे दिवस ओलांडले असते. चकलीचं पीठ करून, डब्यावर चिठ्ठी चिकटवून गेल्या. पुढच्या रविवारी आमची शिकवणी चालू असताना त्यांचा व्हिडिओ कॉल आला. नातीने १६ गुणांचं सांगितलं. आजींनी विचारलं, "वीसपैकी ना? मग चार कुठे गेले?"

तो प्रश्न मी पुढच्या धड्यासाठी राखून ठेवला होता. त्यांनीच काढल्यावर टाळता येईना. ते चार कुठे गेले हे मी तिच्या उत्तरात समासात लिहिलंही होतं : 'एकत्रपणाची किंमत कोण देतं?' तीन चुली, एक सण, सामाईक खर्च, हे सगळं उत्तरात छान आलं होतं, पण जणू ते आपोआप चालत होतं. १९७० च्या दशकात ॲन ओकलीने घरकामाला काम म्हणायला लावलं, तो सगळा धडा तिने कुटुंबाच्याच प्रकरणात शिकलेला होता. पार्सन्सवर स्त्रीवादी टीका कोणती, हे तिला विचारलं असतं तर तिने पाच मुद्दे सांगितले असते. पण आजीच्या वाड्याला तोच प्रश्न लावायचं तिच्या मनात आलं नाही. आपल्या माणसांना आणि आपल्याला प्रिय झालेल्या देसाईंना पारखणं पार्सन्सला पारखण्याइतकं सोपं नसतं. ते केल्याशिवाय सर्वांत वरचा स्तर मिळत नाही.

मी तिला म्हटलं, आजींनाच विचार. गौरी-गणपतीला तिन्ही बिऱ्हाडं जमायची तेव्हा स्वयंपाक कोण करायचं?

तिने विचारलं. पडद्यावर आजी हसल्या, मग थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. पाठीमागे कुकरची शिट्टी झाली तरी उठल्या नाहीत.

"आम्ही तिघी जावा. पहाटे चारपासून. वीसेक पानं असायची. पुरुषांची पंगत, मग मुलांची, मग आम्ही. थोरल्या जाऊबाई तर कधी कधी जेवायच्याच नाहीत, म्हणायच्या भूक मेली." आणि जरा थांबून म्हणाल्या, "कोल्हापूरच्या जाऊबाईंनी एकदा मला खाजगीत सांगितलं होतं, बिऱ्हाड वेगळं झालं तेव्हा पहिल्या रात्री त्या पोटभर झोपल्या."

मुलीने वहीतलं देसाईंचं पान उघडलं, 'बिऱ्हाड' या शब्दाच्या खाली एक रेघ मारली आणि विचारलं, "आजी, हे मी लिहू का?"